बारशाचा गहू

पहिला सोंडा वैष्णवीच्या बाळाच्या गालावर सापडला. मंगलनं तो चिमटीत धरला आणि तशीच पडवीत जाऊन सासूच्या पुढ्यात उभी राहिली.

"बघा आत्याबाई, तुमच्या थोरल्याचा आहेर आलाय माझ्या नातीला."

बायनाबाई सुपात मेथीदाणे निवडत होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवून किडा पाहिला आणि पुन्हा सुपात मान घातली. "गव्हाला सोंडा लागायचाच. त्यात यवढं काय?"

"गव्हाला लागू द्या की. लेकराच्या गालावर कावून?"

थोरल्या लेकाबद्दल काही निघालं की बायनाबाईंना कमी ऐकू येई, हे मंगलला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

गव्हाची पोती मोहनरावांची. दिंद्रुडच्या फाट्यावरच्या त्यांच्या गोदामाचे पत्रे पावसात गळायला लागले, तेव्हा त्यांनी ट्रॅक्टरभर गहू आणून धाकट्या भावाच्या घरात, मंगलच्या कोठीच्या खोलीत रचला. विचारायचा प्रश्नच नव्हता. मंगल तेव्हा वैष्णवीपाशी दवाखान्यात होती. लेक आणि नात घेऊन घरी आली, तर खोली छतापर्यंत भरलेली. "घर आपलंच हाय की," एवढंच मोहनराव म्हणाले होते.

आपलंच! वाटणीत रस्त्याकडची जागा, दुकान, विहिरीचा मळा त्यांनी उचलला तेव्हा हे घर कुणालाच नको होतं. स्लॅब ठिकठिकाणी गळत होता, मोरीच्या तोंडातून घुशी आत यायच्या, जेवायला बसलं की भिंतीचे पोपडे ताटात पडायचे. नवरा गहिनीनाथ दिवसभर खताच्या दुकानात कामाला. घर सावरलं ते मंगलनं. गच्चीवरच्या भेगा तिनं खरवडून सिमेंटानं भरल्या, घुशींची बिळं काचा कोंबून बुजवली, मोरीला जाळी बसवून घेतली, दर दिवाळीला स्वतःच्या हातानं चुना दिला. परसात सांडपाण्यावर अळू आणि कढीपत्ता वाढवला, कुंपणाला शेवगा लावला. धान्याच्या बाबतीत तर तिच्या घरात कुणाची ढवळाढवळ चालत नसे. चैत्राच्या उन्हात गहू कडकडीत वाळवायचा, दाताखाली कट्‌कन वाजला की मगच कोठीत भरायचा, प्रत्येक थरावर सुकवलेला कडुलिंबाचा पाला, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. तिच्या कोठीत दिवा घेऊन शोधलं तरी किडा मिळाला नसता. आणि आता तिच्याच पांढऱ्या भिंतीवरून दुसऱ्याच्या गव्हातले सोंडे रांग धरून चालले होते. वरच्या झरोक्याच्या जाळीतून ते पलीकडं उतरत होते, थेट बाळंतिणीच्या खोलीत.

दुसऱ्या दिवशी बारसं होतं. तेसुद्धा मंगलच्या हातात उरलं नव्हतं. वैष्णवीला मुलगी झाली हे कळूनही मोहनराव बघायला आले नव्हते. मग जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचं वारं सुटलं. तिकिटाचं ज्यांच्या हातात होतं त्या गेवराईच्या पाहुण्यांना बोलवायला काहीतरी निमित्त हवं होतं, आणि भावाच्या नातीच्या बारशाचं एकाएकी गावजेवण झालं.

दुपारी मोहनराव मांडव बघायला आले. पांढरीशुभ्र विजार, पांढरा सदरा, मागं मुलगा अमरसिंह. मंगलनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि अंगणातच त्यांना गाठलं.

"दादा, पोती आजच्या आज काढा. किडं पाळण्यात पडायलेत."

"बारसं झालं की काढतो."

"बारशाच्या आधी काढा. चांगलं ऊन पडलंय. गच्चीवर पसरा, चाळून घ्या, पाहिजे तर मी बायका लावून चाळून देते. पण त्या खोलीत नको."

"घरात पन्नास कामं अन् तुझं हे किड्याचं पुराण," मोहनराव हसले. शेजारी उभा असलेला गहिनीनाथही थोडा हसला. भाऊ हसला की हसायचं, ही त्याची जुनी खोड. "अमर, बघ रे काय ते. काकूला उद्या एक किडा दिसला न्हाई पाहिजे."

"बघतो की," अमरसिंह म्हणाला.

मंगलला वाटलं, चला, निदान कानावर तरी घेतलं. ती हळदीकुंकवाचा करंडा घेऊन गावातल्या बायकांना बोलावणं करायला गेली. परत आली तेव्हा अंधार पडत आला होता. घरात पाहुण्यांची गर्दी, चुलीवर भाज्यांच्या फोडण्या, थोरली जाऊ बबिता सगळ्यांवर ओरडत होती. कोठीच्या खोलीचं दार मागं परसात उघडायचं. तिकडं जायला मंगलला सवडच झाली नाही. निजायच्या आधी तिनं लेकीच्या खोलीत डोकावून खिडकी तेवढी उघडी करून ठेवली.

"बाळंतिणीला वारं लागंल," बायनाबाई कुरकुरल्या.

"लागू द्या. कोंडून काय लोणचं घालायचंय तिचं?"

सकाळी वैष्णवीच्या ओकण्याच्या आवाजानं ती पळत आत गेली. पोरगी भिंतीला धरून बसली होती, तोंड पांढरं पडलेलं.

"आई, डोकं फुटायलंय. छातीत कसंतरी व्हायलंय."

"कधीपासून?"

"पहाटंपासून. मला वाटलं झोप न्हाई झाली म्हणून. अन् ही बघ ना, ही दूध पीना."

बाळ मांडीवर सैल पडलं होतं. रडतसुद्धा नव्हतं. मंगलनं त्याच्या तळपायाला बोटानं टिचकी मारली. एरवी या पोरीनं घर डोक्यावर घेतलं असतं. आता तिनं नुसते ओठ हलवले.

बबिता दारात आली. तिच्या हाताला हळद लागलेली होती. "रात्री डिंकाचे लाडू खाल्ले न्हवते का हिनं? डिंक जड असतो. तरी मी म्हणत हुते, तूप जरा जुनं वाटतंय."

"नजर हाय ती," मागून बायनाबाई म्हणाल्या. "यवढी माणसं येऊन बघून गेली. मीठ-मिरच्या आणा गं."

मंगलच्या नाकाला वास आला होता. लसणासारखा, पण कुजलेला. स्वयंपाकघर घराच्या त्या टोकाला, आणि वास इथं, पाळण्यापाशी? तिनं मान वर केली. वास झरोक्यातून येत होता.

ती परसात धावली. कोठीच्या खोलीच्या दाराला खालपासून वरपर्यंत वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीनं चिकटवलेल्या होत्या. एका बाजूच्या पट्ट्या फाटून लोंबत होत्या. म्हणजे कुणीतरी दार उघडून पुन्हा लावलं होतं. उंबऱ्यापाशी ॲल्युमिनियमची एक रिकामी नळी पडली होती. अशा नळ्या तिनं आडत बाजारातल्या गोदामांबाहेर पाहिल्या होत्या. धान्याच्या पोत्यात टाकायच्या गोळ्या! ज्यांचा धूर दिसत नाही आणि ज्यांच्या जवळ हमालसुद्धा दिवसभर फिरकत नाहीत, त्या गोळ्या तिच्या घरात, तिच्या लेकीच्या उशाशी! दाराची फट बुजवायची अक्कल होती, पण वर झरोका आहे, पलीकडं बाळंतीण आहे, हे बघायला कुणाला वेळ नव्हता.

ती आत आली ती ओरडतच. "सगळे बाहेर व्हा! आधी घराच्या बाहेर! आत्याबाई, ते मीठ ठेवा खाली अन् उठा!"

बाळ तिनं स्वतः उचललं. वैष्णवीला गहिनीनाथनं धरून आणलं, लिंबाखाली मोकळ्या हवेत. समोरच्या गॅरेजवाल्या नबीनं आरडाओरडा ऐकून हातातला पाना टाकला आणि काही न विचारता जीप वळवून दारात आणली.

"भाभी, बसा. माजलगावला?"

"माजलगावला. अन् नबीभाई, काचा सगळ्या खाली करा."

*

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती आणि तिला फिरवून बोलायची सवय नव्हती. बाळाच्या नाकाला प्राणवायू लावून झाला, वैष्णवीला सलाईन लागली, तशी तिनं विचारलं, "घरात कसली फवारणी झाली होती का? औषध? गॅस?"

त्याच वेळी गहिनीनाथचा फोन वाजला. तो दोन पावलं बाजूला गेला, "हां दादा, हां दादा" म्हणत राहिला. मग फोन छातीशी दाबून मंगलजवळ आला आणि हळूच म्हणाला, "दादा म्हणायलेत, गोळ्यांचं काढू नको. पोलीस केस होईल. अमरचं नाव येईल. आज गेवराईचे लोक यायलेत. खाण्यातून झालं असं सांग म्हणायलेत. डिंकाच्या लाडवातून."

मंगलनं नवऱ्याकडं नीट पाहिलं. तो खाली बघत होता.

"लाडू कुणी केलेत?" तिनं विचारलं.

"तू."

"म्हणजे माझ्या लेकीला मी विख घातलं असं सांगू?"

"तसं न्हाई गं. नुसतं बाधलं म्हणायचं. डॉक्टर काय ते औषध देतीलच की."

तिनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "दादा, मंगल बोलायले. डॉक्टरीणबाई माझ्या समोर उभ्या हायत. तुमी फोन ठेवू नका, कानाला धरून ऐका." आणि फोन तसाच हातात उघडा ठेवून ती डॉक्टरणीला म्हणाली, "बाई, शेजारच्या खोलीत गव्हाच्या पोत्यांत गोळ्या टाकल्या. काल संध्याकाळी. मला न सांगता. मधल्या भिंतीला झरोका हाय. रात्रभर ह्या दोघी तिथं झोपल्या हुत्या."

डॉक्टरणीचा चेहरा बदलला. तिनं नर्सला हाक मारली, बाळाची गादी आतल्या मोठ्या यंत्रापाशी हलवायला लावली, वैष्णवीच्या हृदयाचा आलेख काढायला सांगितलं. "राहत्या घरात ह्या गोळ्या वापरायच्याच नसतात," ती जाता जाता म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "ह्याच्यावर उतारा नाही, माहिती आहे का तुम्हाला? खिडकी बंद होती?"

"उघडी हुती."

"म्हणून आणता तरी आलं तुम्हाला."

मंगलनं फोन कानाला लावला. पलीकडून श्वास ऐकू येत होता. मग फोन बंद झाला.

गहिनीनाथ बाकावर बसला होता. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याची दया यावी असं तिला एका बाजूनं वाटलं, पण आली नाही. या माणसानं आयुष्यभर भावाच्या शब्दाला मान डोलावली. जमीन गेली, दुकान गेलं, तिनं गिळलं. आज लेकीच्या जिवावर बेतलं असतानाही तो हो म्हणायला निघाला होता.

दुपार झाली तेव्हा बाळानं पहिल्यांदा मोठ्यानं भोकाड पसरलं. नर्स हसली. वैष्णवी पडल्या पडल्या रडायला लागली. जावई हनुमान सिरसाळ्याहून आईला घेऊन पोहोचला होता. डॉक्टरीण म्हणाली, अजून दवाखान्यात ठेवावं लागेल, पण मोठा धोका टळला आहे.

मंगलनं घरी कळवावं म्हणून बबिताला फोन लावला. पलीकडं लाऊडस्पीकर वाजत होता, बायकांचा कलकलाट होता. बबितानं ऐकलं, देवाचं नाव घेतलं आणि घाईघाईनं म्हणाली, "बरं झालं बाई. चल, ठेवते, पुऱ्यांची कणीक मळायचीय. पीठ कमी पडलं म्हणून अमरनं सकाळीच एक पोतं गिरणीवर नेलतं, त्यामुळं सगळाच उशीर—"

"कुठलं पोतं?"

"आँ?"

"अक्का, पोतं कुठल्या खोलीतलं?"

पण मांडवात कुणीतरी माईकवर फुंकर मारली आणि फोन कटला. पुन्हा लावला, उचलला नाही. गहिनीनाथनं मोहनरावांना लावला. ते म्हणाले, ते पोतं वेगळं होतं, तुमी तिकडं पोरीकडं बघा. गहिनीनाथला ते पटलं. मंगलच्या डोळ्यांपुढं दाराच्या फाटलेल्या पट्ट्या आल्या.

"नबीभाई, गाडी काढा," ती म्हणाली. आणि नवऱ्याला, "तुमीबी चला. हितं तुमचं काम न्हाई."

*

मांडवात सतरंज्या पडल्या होत्या. गेवराईचे पाहुणे खुर्च्यांवर सरबत पीत होते, मोहनराव त्यांच्यामध्ये बसले होते. मंगल त्यांच्याकडं न बघता सरळ परसात गेली. कढईतलं तेल तापत होतं. परातींमध्ये कणकेचे मोठमोठे गोळे. बायकांचे हात थांबले. त्यांच्या नजरेवरून मंगलला कळलं, इथं लाडवांची गोष्ट सगळ्यांना सांगून झाली आहे.

"लेक कशी हाय गं?" एकीनं विचारलं. "तूप नासलं हुतं म्हणं."

"तूप नासलं न्हवतं. कणीक मळू नका. तेल उतरवा."

तोवर मोहनराव मागं आले होते. पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ते दबक्या आवाजात बोलत होते. "लेक दवाखान्यात अन् तू हितं कावून आलीस? तमाशा करायला?"

"हे पीठ कुठल्या पोत्याचं, तेवढं सांगा."

"सांगितलं ना गहिनीला. कोपऱ्यातलं पोतं हुतं. त्यात गोळ्या न्हवत्या."

"अमरला बोलवा."

"अमर कामात हाय. गहिनी, बायकोला आवर."

गहिनीनाथ तिच्या मागं उभा होता. मंगल वाट बघत राहिली नाही. "अक्का, तुमच्या पोराला तुमी बोलवा. गाव जेवायला बसणार हाय. त्यात तुमची माणसं हायत, माझीबी हायत."

बबिता उठली. तिच्या कोपरापर्यंत कणीक माखली होती. सकाळपासून लाडवांचं, तुपाचं बोलत होती ती हीच. मंगलला तिच्याकडून काही अपेक्षा नव्हती. पण बबितानं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. या माणसाबरोबर तिनं तीस वर्षं संसार केला होता. मग तिनं मांडवाकडं तोंड करून हाक मारली, "अमर! हिकडं ये."

अमरसिंह आला. उंच, धिप्पाड गडी, पण आईपुढं येऊन उभा राहिला तेव्हा चप्पल मातीत घासत होता.

"पोतं कुठलं उचललंस?"

तो बापाकडं बघायला लागला.

"तिकडं नको बघू. माझ्याकडं बघ. कुठलं?"

"दारापाशीचंच घेतलं," तो म्हणाला. "आत जाववना. लई वास येत हुता. त्यात गोळी हुती का न्हाई, मला याद न्हाई, आई. समद्यातच टाकत गेलतो."

बबितानं वाकून परात उचलली आणि कणकेचा अख्खा गोळा मातीत उलटा केला. दुसरी परात उलटी केली. तिसरी एका म्हातारीनं स्वतःच लोटून दिली. बायका हात झटकत पाण्याच्या टाकीकडं पळाल्या.

"आगं, हे काय करायलीस?" मोहनराव ओरडले. दबका आवाज आता राहिला नव्हता.

"लाडवांनीच झालं म्हणून तुमीबी मला सांगितलं," बबिता म्हणाली. "सकाळधरनं मी गावभर तेच सांगत बसले. अन् हे पीठ माझ्याच हातानं मळवून घेतलं तुमी. तुमाला ठाऊक असून!"

"ठाऊक कुठं हुतं? एका पोत्यानं काय हुतंय?"

"तर मग पहिली पुरी तुमी खा," मंगल म्हणाली.

मोहनरावांनी सदऱ्याची बाही सारखी केली, मांडवात जाऊन माईक घेतला आणि घसा साफ केला. "मंडळी, घरात जरा अडचण झालीय. लेकराची तब्येत बरी न्हाई. त्यामुळं आजचा जेवणाचा कार्यक्रम—"

"कारण सांगा, दादा." मंगल मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली होती. पुढं बसलेल्या माणसांनी माना वळवल्या. थोरल्या दिरापुढं, परगावच्या पाहुण्यांपुढं असं उभं राहून ती जन्मात बोलली नव्हती. "नुसती अडचण नका सांगू. उद्या लोक म्हणतील मंगलनं लेकीला नासकं खायला घातलं."

"घरचं घरात बोलू," मोहनराव दात आवळून म्हणाले.

"गोळ्या घरात टाकल्या तवा घरचं म्हणून मला सांगितलं हुतं का?"

पडवीच्या खांबाला धरून बायनाबाई उठल्या. काठी टेकत त्या मांडवाच्या तोंडापर्यंत आल्या. "मोहन," त्या म्हणाल्या, "कोठीची किल्ली मी दिली. अमर मागायला आला, मी दिली. कशाला पाहिजे ते मला कुणी बोललं न्हाई. मी सकाळधरनं त्या लेकराला नजर लागली म्हणत बसले. सांग आता. समद्यांना सांग."

मोहनरावांनी आईकडं असं पाहिलं, जणू ही बाई ते पहिल्यांदाच बघत होते. मग माईक तोंडाशी नेला. "गव्हात जरा औषध पडलं हुतं—"

"पडलं न्हाई," मंगल म्हणाली. "टाकलं."

माईकनं तिचाही आवाज पकडला आणि तो साऱ्या गल्लीत घुमला. गेवराईच्या पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. सरबताचे पेले खाली ठेवले गेले. "टाकलं," मोहनराव म्हणाले. "आमच्याकडून टाकलं गेलं. जेवण न्हाई. माफी असावी."

माणसं उठली. कुणी मंगलशी बोललं, कुणी नजर चुकवून गेलं. पाहुण्यांच्या गाड्या धुरळा उडवत गेल्या, तसे मोहनराव तिच्यासमोर आले. "माझं तिकीट घालवलंस तू."

"दादा, माझी पोरगी अजून सलाईनवर हाय," ती म्हणाली. "तुमी पहिल्यांदा तिकिटाचं बोललाव. ती कशी हाय, हे तुमी सकाळपासून एकदाबी इचारलं न्हाई."

गहिनीनाथनं मांडवाचा एक लांब वासा उपसला होता. तोंडाला ओलं उपरणं बांधून तो घराला वळसा घालून गेला, आणि कोठीच्या खोलीची बाहेरची खिडकी त्यानं लांबूनच ढोसून फोडली. काच फुटल्याचा आवाज आला, मग दुसरा. "आत कुणी जायचं न्हाई," तो ओरडला. "आठवडाभर कुणी जायचं न्हाई!" त्याचा एवढा मोठा आवाज मंगलनं कधी ऐकला नव्हता. मोहनरावांनीही ऐकला नसावा. ते गाडीत बसले. बबिता त्यांच्याबरोबर गेली नाही. ती रात्री मंगलकडंच, अंगणात बाजेवर झोपली.

*

वैष्णवी मात्र परत आली नाही. दवाखान्यातून सुटी झाली तशी विहीणबाईंनी तिला आणि बाळाला थेट सिरसाळ्याला नेलं. "तुमच्या घरात लेकरू ठेवायची आमची छाती न्हाई," त्या फोनवर म्हणाल्या. मंगल त्यांना काय बोलणार? त्यांच्या जागी ती असती तर तिनंही हेच केलं असतं. तिनं जिवापाड सांभाळलेल्या घराला नाव लागलं होतं, आणि ते लावणारा फाट्यावरच्या बंगल्यात बसला होता. बारसं तिकडंच, चार माणसांत झालं. मंगल जाऊन आली. पाळण्याची दोरी हातात धरताना तिला आनंद झाला आणि संताप पण आला, दोन्ही एकदमच.

खोलीला पुरती हवा लागली, वास गेला, तसा एका सकाळी मोहनरावांचा सालगडी ट्रॅक्टर घेऊन दारात आला. "मालकानं पोती आणायला सांगितलं."

मंगल कोठीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. "मालकाला म्हणावं, स्वतः या."

गडी गेला. मग अमरसिंह आला. "काकू, चुकलं माझं," म्हणाला. ते त्यानं मनापासून म्हटलं असावं. त्याचे डोळे लाल होते. "मी उचलतो समदी."

"तुझं तू कबूल केलंस, बाबा. तू ओझं वाहू नको. त्यांना पाठव."

उन्हं चढल्यावर मोहनराव आले. मागं माणसं नव्हती. शेजारपाजारचे लोक आपापल्या दारात होते, नबी गॅरेजच्या पायरीवर. मोहनरावांनी सदरा काढून खुंटीला अडकवला, पहिलं पोतं पाठीवर घेतलं आणि वाकून दारातून बाहेर पडले. दोन-तीन खेपांतच त्यांना धाप लागली. बनियन भिजून पाठीला चिकटलं. गहिनीनाथला राहवेना. तो उठून उभा राहिला.

"बसा," मंगल म्हणाली.

तो बसला.

शेवटचं पोतं ट्रॅक्टरमध्ये पडलं तेव्हा दुपार कलली होती. मोहनराव परत आले, खुंटीवरचा सदरा काढला आणि त्यानंच तोंड पुसलं. रिकाम्या खोलीत फरशीवर गोळ्यांची राख, मेलेले सोंडे, सांडलेला गहू पसरला होता. भिंतींवर पोत्यांच्या घासण्यानं काळे पट्टे उठले होते.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," मंगल म्हणाली. "आजून खोली झाडायची हाय." तिनं दारामागचा खराटा काढून त्यांच्यापुढं धरला. "तोंडाला काहीतरी बांधा आधी."

मोहनरावांनी पडवीत बसलेल्या आईकडं पाहिलं, मग भावाकडं पाहिलं. कुणी उठलं नाही. त्यांनी सदऱ्याच्या खिशातला रुमाल काढून तोंडाला बांधला, आणि खराटा घेतला.